दोन ते चार

होटगी रस्त्यावरची शाळा, निवासी शिबिराचा अकरावा दिवस.
पारा त्रेचाळीसवर. नळाला पाणी येऊन पाच दिवस झाले.
एकशे बारा मुलं, नऊ ताई-दादा,
आणि मी, जिच्या वहीत सगळ्यांच्या वेळा आहेत:
सहाला प्रार्थना, साडेसहाला मल्लखांब, आठला उप्पीट,
असं करत करत रात्री साडेनऊला गोष्ट.
त्यानंतर कुणाला आई आठवते,
कुणाचा घोळणा फुटतो, कोण अंथरूण ओलं करतं,
आणि कोण उठून ते बदलतं,
ते वहीत नाही.

दुपारी शिवलीला बिराजदार दिसेना.
सापडली ती सामानाच्या खोलीत,
गच्चीवर अंथरायच्या चादरींच्या ढिगामागे.
रडत नव्हती. मोजत होती.
"चौऱ्याऐंशी भरल्या, बाई. परत मोजते."

हीच पोरगी पहिल्या दिवशी
टेम्पोच्या टपावर चढून वळकट्या खाली फेकत होती.
दुसऱ्या दिवशी तिला सगळी नावं पाठ.
कार्तिक गड्डम रोज मुद्दाम आडवा यायचा,
"ताई, माझं नाव काय?"
आणि ती रोज काहीतरी भलतंच सांगायची, मग खरं.
"आज खरं आठवलंच नाही," ती म्हणाली.
"तो बघत राहिला. मला वाईटसुद्धा वाटलं नाही, बाई.
त्याचंच भ्या वाटलं."

माझ्या जिभेवर तयार होतं:
आता चारच दिवस राहिले.
तयार होतं: मुलांचे चेहरे बघ, शीण जातो.
हे मला कुणीतरी म्हटलं होतं
एकोणीस वर्षांपूर्वी, नळदुर्गच्या शिबिरात.
मी हसले होते, उठले होते, खिचडी वाढली होती,
आणि नंतर कितीतरी रात्री
मूल रडलं की कूस बदलून झोपले होते.
माझंच मूल.

म्हणून गप्प बसले, तिच्या शेजारी.
चादरींना खळीचा वास. पंखा नाही.
राखणदार अंबादास यलगम तांब्या घेऊन आला,
चाळीस वर्षं मागावर काढलेला माणूस, निम्मं ऐकू येतं.
त्याने तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.
"ताण लई झालाय," म्हणाला,
"सैल करा जरा,"
आणि मला कळेना
तो तिच्याबद्दल बोलतोय की
बाहेरच्या मांडवाच्या दोरीबद्दल.
मी दोन्ही सैल केले.

संध्याकाळी वहीतलं पान फाडलं.
'व्यक्तिमत्त्व विकास' गेला. पाठांतर गेलं.
दोन ते चार: काही नाही.
निम्मे आज, निम्मे उद्या, आणि मुलांपाशी मी,
शिवाय भाकऱ्या करायला येणाऱ्या नौशादबी,
ज्यांना गोष्टी आमच्यापेक्षा बऱ्या येतात.
रात्रीची जाग पाळीने; जागला त्याला सकाळची प्रार्थना माफ.
सचिवांचा फोन आला:
पालकांनी पैसे कशाचे दिलेत, बाई?
म्हटलं, माझ्या मानधनातून कापा.
त्यांनी कापले.

बारावा दिवस. पाच नंबरचा वर्ग.
कूलरमध्ये उरलंसुरलं पाणी, दारावर खडूने 'ताई-दादा नाहीत'.
आत तिघंजण तोंडं उघडी टाकून झोपलेली,
एकजण मोबाईलमध्ये, त्यालाही कुणी काही म्हटलं नाही.
शिवलीलाने आधी नखं कापली.
मग भिंतीकडे तोंड करून आडवी झाली.

अडीचला कार्तिक खिडकीशी.
"शिवलीलाताई आहे का?"
"नाही," अंबादास.
"दिसतीय की."
"दिसतीय. पण नाही."
कार्तिकने यावर बराच वेळ विचार केला,
मग नौशादबींच्या गोष्टीतला राक्षस कुठवर आला ते बघायला पळाला.

चारला ती बाहेर आली,
गालावर चादरीची वीण उमटलेली.
कार्तिक लांब उभा होता, चिंचेखाली.
आज आडवा आला नाही.
तीही त्याच्याकडे गेली नाही, बादल्या उचलू लागली,
एक तिने उचलली, एक त्याने, मधे चांगलं दहा पावलांचं अंतर.
मी वही उघडली आणि लिहिलं:
सव्वाचारला पाणी आलं. गढूळ आहे.
गाळून घेणे.